दहा हजारांवर एक

“चंद्राक्का तर गेली. आता वरच्या दिव्याचं काय करायचं?”

नव्या गुरवांनी हे अगदी साधेपणानं विचारलं. ते गावात नवे होते. नाहीतर दोन्ही आळ्या महादेवाच्या मंडपात समोरासमोर बसलेल्या असताना असा प्रश्न काढायची कुणाची छाती झाली नसती.

“करायचं काय त्यात?” माझे बाबा म्हणाले. “वरच्या आळीचं कुणीतरी ठेवंल.”

“का? खालच्या आळीला हात न्हाईत?” खांबाला टेकून बसलेले तात्या पिंपळे ताठ झाले.

मी बायकांच्या बाजूला आईच्या शेजारी बसले होते.  बोलणाऱ्यांतले एक माझे वडील होते आणि दुसरे मार्गशीर्षात माझे सासरे व्हायचे होते.

आमचं निंबघाट कृष्णेच्या काठावर आहे. पणजोबांच्या काळी मोठा पूर आला आणि पाणी महादेवाच्या उंबऱ्याला लागलं, तेव्हा गावानं नवस बोलला की, पाणी उतरलं तर दर त्रिपुरी पौर्णिमेला नदीच्या वाळवंटात दहा हजार एक दिवे लावू. पाणी उतरलं. तेव्हापासून दोन्ही आळ्या पाच-पाच हजार पणत्या आणतात. शंभर-शंभरांच्या शंभर ओळी मांडायच्या आणि उरलेला एक दिवा सगळ्यांच्या पुढे, देवळाच्या बाजूला ठेवायचा, अशी रीत होती. त्याला आम्ही वरचा दिवा म्हणायचो. वर एक ठेवला की आकड्याला भाग जात नाही, आणि भाग जात नाही म्हणून देवाचं देणं कुणाला वाटून घेता येत नाही, असं जुनी माणसं सांगायची.

हा वरचा दिवा चंद्राक्का ठेवायची. ती आधीच्या गुरवांची विधवा. देवळाच्या आवारातच राहायची आणि देऊळ दोन्ही आळ्यांच्या बरोबर मध्ये, त्यामुळे तिला कुणी वरच्या आळीची म्हणत नव्हतं आणि खालच्याही म्हणत नव्हतं. ती श्रावणात गेली. मागे मूलबाळ नव्हतं. नव्या गुरवांना विचारलं तर त्यांनी दोन्ही हात जोडले. “मला ह्यात पाडू नका. मला हितं ऱ्हायचंय.”

बाबा आणि तात्या दोघंही तांबट. हंडे-घागरी घडवणारी माणसं, त्यामुळे दोघांनाही मोठ्यानं बोलायची सवय. दिवसभर ठोक्यांच्या आवाजावरून बोलायचं म्हणजे दुसरं काय होणार? पण दोघांची दोस्ती अशी की, एकाच्या भट्टीतला विस्तव दुसऱ्याच्या भट्टीत जायचा. माझी आणि जयवंतची सोयरीक त्या दोस्तीतूनच जमली होती. आता मात्र दोघं एकमेकांकडे असे बघत होते, जणू समोरच्यानं आपल्या घागरीला पोचा पाडलाय.

“एक वरीस तुमी, एक वरीस आमी,” कुणीतरी मधून सुचवलं.

“पयलं वरीस कुणाचं?” दोघंही एकदम म्हणाले.

“चिठ्ठी टाका मग.”

“मान काय चिठ्ठीत निगतोय?” तात्या म्हणाले.

“दहा हजार दोन करा. एक तुमचा, एक आमचा.”

यावर मात्र दोन्ही आळ्यांतली म्हातारी माणसं खवळली. नवस म्हणजे नवस, त्यात कमी नाही आणि जास्तही नाही. बोलता बोलता शब्दानं शब्द वाढला. बाबा तात्यांच्या आजोबांपर्यंत पोचले, तात्या आमच्या पणज्यापर्यंत. शेवटी तात्या उठून उभे राहिले.

“ज्या घराला आमचा मान बघवत न्हाई, त्या घरची पोरगी आमच्यात कशी नांदायची? गणपत, साखरपुड्याची साडी परत धाड.”

“उद्याच धाडतो,” बाबा म्हणाले.

जयवंत पुरुषांच्या घोळक्यात मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली मान घातली. मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला भयंकर राग आला होता. एका पणतीपायी माझं लग्न मोडत होतं आणि मला कुणी विचारतही नव्हतं.

साडी दुसऱ्या दिवशी गेली नाही. बाबांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “इस्त्रीला दिलीया.” त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती इस्त्रीलाच होती. गावात इस्त्रीवाला नव्हता हे बाबांना माहीत होतं, पण त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मी तेव्हा गावच्या शाळेत गणित शिकवत होते. बी.एस्सी. होऊन आलेली वरच्या आळीतली पहिली मुलगी, म्हणून बाबांना कोण कौतुक. पण माझ्या गणिताचा या भांडणाशी काही संबंध असेल, हे त्या दिवसापर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. आईनं पिंपळ्यांकडे पाठवायला म्हणून करंज्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. एकवीस. शुभकार्याचं देणं म्हणजे वीस नाही, वर एक हवाच. पाठवायचं तर आता काही राहिलं नव्हतं, तरी ती त्या ताटात पुन्हा पुन्हा लावत बसली होती. मी बघत उभी राहिले. तिनं सात-सातच्या तीन ओळी लावल्या. ताट छान भरलं.

“आई, वरची एक कुठं गेली?”

“कुटली वरची?”

“वीस आणि वर एक ना? ती एक कुठं गेली?”

“कुटं जाईल? हितंच हाय की ताटात,” आई म्हणाली. “डोकं फिरलंय काय तुजं?”

मी तशीच शाळेत गेले. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. जयवंतचं ऑफिस तालुक्याला होतं. तो मोजणी खात्यात होता, लोकांच्या जमिनी मोजायचा. शनिवारी दुपारी तो शाळेवरून घरी जायचा, म्हणून मी फाटकात उभी राहिले. शाळेत तो माझ्या दोन वर्षं पुढे होता आणि तेव्हा मी त्याला सरळ ‘ए जयवंत’ अशी हाक मारत असे. साखरपुडा झाल्यापासून आईनं ‘अहो’ म्हणायला लावलं होतं आणि मला ते अजून जमत नव्हतं.

“अहो,” मी म्हणाले. तो थांबला. हसला. “अजून अहोच आहे का मी? मला वाटलं, साडीबरोबर तेही परत येणार.”

“चेष्टा पुरे. आत या. भागाकार करायचेत.”

“भागाकार?”

“दहा हजार एकला भाग जातो का बघायचं. गेला तर सगळ्या ओळी सारख्या होतील. वरचा दिवा उरणारच नाही. उरलाच नाही तर भांडणार कशावर?”

त्यानं सायकल भिंतीला लावली. “भाग जात नाही म्हणून तर तो आकडा धरलाय ना?”

“असं सगळे म्हणतात. करून कुणी बघितलंय का?”

सातवीच्या वर्गाच्या फळ्यावर आम्ही सुरुवात केली. दोनानं, तिनानं आणि पाचानं जात नाही हे उघडच होतं. मी त्याला सांगितलं की, फक्त मूळ संख्या घ्यायच्या, आणि त्याही शंभरापर्यंतच. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार. तेव्हा दहा हजार एकाचे दोन भाग पडत असतील, तर त्यातला एक शंभराच्या आत असायलाच हवा. तिथवर नाही मिळाला, तर तो आकडा अभंग. मग साडी परत.

सातानं गेला नाही, पाच उरले. अकरानं गेला नाही. तेरानं चार उरले. त्यानं अर्धा फळा घेतला, मी अर्धा. सतरा, एकोणीस, तेवीस. दर वेळी काहीतरी उरायचंच. कधी पंचवीस, कधी सदतीस. एकसष्टनं भागल्यावर अठ्ठावन्न उरले तेव्हा मला वाटलं, हा आकडा मुद्दाम खोडी काढतोय.

“किती राहिल्या?” जयवंतनं विचारलं. त्याच्या शर्टाच्या बाह्या खडूनं पांढऱ्या झाल्या होत्या.

“थोड्याच. आणि समजा, नाहीच गेला तर?”

“तर मी तात्यांशी भांडेन,” तो म्हणाला. “मला भांडता येत नाही, पण भांडेन.”

मला त्या वाक्याचा इतका आनंद झाला की, एकाहत्तरनं भागताना माझी वजाबाकी चुकली आणि ती पुन्हा करावी लागली. एकाहत्तरनंही गेला नाही. मग त्र्याहत्तर. शंभरात एकदा, सत्तावीस उरले. शून्य उतरवलं, दोनशे सत्तर, त्यात तीनदा, एक्कावन्न उरले. शेवटचा एक उतरवला. पाचशे अकरा.

“त्र्याहत्तर साते?” मी विचारलं. मला तोंडपाठ नव्हतं.

जयवंतनं बोटानं हवेत गुणाकार केला. “पाचशे अकरा.”

खाली शून्य आलं. फळ्यावर दहा हजार एक बरोबर त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस असं लिहून मी खडू खाली ठेवला. एवढ्या मोठ्या, सगळ्यांना अभंग वाटणाऱ्या आकड्याच्या पोटात या दोन ओबडधोबड संख्या इतकी वर्षं गुपचूप बसून होत्या. त्या मला फार आवडल्या. अजूनही आवडतात.

दुसऱ्या दिवशी मंडपात पुन्हा बैठक बसली. मी आईचं करंज्यांचं ताट घेऊन गेले. बाबा भडकतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ताटाकडे बघितलं आणि सरकून मला वाट करून दिली.

“ह्या एकवीस करंज्या,” मी सगळ्यांसमोर ताट ठेवलं. “वीस आणि वर एक. तात्या, तुम्हीच सांगा, वरची कुठली?”

तात्यांनी तिन्ही ओळी नीट बघितल्या. मग मधल्या ओळीच्या टोकाची एक करंजी उचलून खाल्ली. “ही,” ते म्हणाले. “आता?”

मंडप हसला. माझी आई सगळ्यांत मोठ्यानं हसली, कारण सोयरीक मोडणाऱ्या माणसानं आमच्या घरची करंजी खाल्ली होती.

“आता वीस राहिल्या. पण देणं एकवीसचं होतं,” मी म्हणाले. “सगळ्या सारख्या ओळीत बसल्यावर वरची कुठली ते सांगता येत नाही. दहा हजार एकाचं तसंच आहे. एकशे सदतीस दिव्यांच्या त्र्याहत्तर ओळी करायच्या. आकडा तोच राहतो, आणि बाहेर एकही उरत नाही.”

“एक बी न्हाई?” बाबांनी विचारलं.

“एकही नाही.”

बाबांनी तात्यांकडे बघितलं. तात्या करंजी चघळत होते. “आकडा बदलत न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बसवा ओळी,” तात्या म्हणाले. “उरलाच न्हाई तर वरच्या आळीला बी मिळणार न्हाई. मला चालंल.”

“मला बी तसंच,” बाबा म्हणाले. सोयरिकीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आईनं उरलेलं ताट तात्यांच्या बायकोच्या हातात दिलं आणि तिनं ते पदराखाली घेतलं. बायकांचं तेवढं मिटलं होतं.

त्रिपुरीच्या दुपारी जयवंतनं वाळवंटात खुंट्या ठोकून सुतळ्या ताणल्या. जमीन मोजणारा माणूस, त्यामुळे ओळी आखाव्यात त्यानंच. बायकांना लुगडं सावरून चालता येईल एवढी जागा त्यानं दोन ओळींमध्ये सोडली होती. वरच्या आळीनं वरच्या कडेनं पणत्या मांडत यायचं आणि खालच्या आळीनं खालच्या कडेनं. दोघांनी आपापल्या पाच हजार मांडायच्या आणि मग सगळ्या एकदम पेटवायच्या.

मांडणी सुरू झाली. पोरंसोरं टोपल्या वाहत होती, बायका भराभर पणत्या ठेवत सरकत होत्या. माझ्या आळीच्या छत्तीस ओळी झाल्या. पलीकडून त्यांच्याही छत्तीस झाल्या. मधली एक ओळ राहिली. ती आम्ही एका टोकाकडून भरत आलो, ते दुसऱ्या टोकाकडून. आमची टोपली रिकामी झाली. त्यांचीही झाली.

आणि त्या ओळीच्या ऐन मध्यावर एक जागा रिकामी राहिली. वर, खाली, दोन्ही बाजूंना दिवेच दिवे आणि बरोबर मध्ये वाळूचा एक तुकडा. नवे गुरव ताम्हणात देवळातला तो एक दिवा घेऊन उभे होते आणि मंडपात उभे होते तसेच घाबरलेले होते.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. त्र्याहत्तर विषम, एकशे सदतीसही विषम. विषम ओळींच्या विषम मांडणीला मध्य असणारच, हे सातवीतल्या मुलाला कळतं. वरचा दिवा गेला कुठंच नव्हता. तो पुढून उठून मध्ये येऊन बसला होता.

तात्या सावकाश चालत त्या जागेपाशी आले. पलीकडून बाबाही आले.

“एक बी उरणार न्हाई म्हनालीस,” तात्या मला म्हणाले.

“उरला नाही, तात्या. त्याला जागा आहे.”

“जागा हाय. हात कुणाचा?”

मागे दोन्ही आळ्या उभ्या होत्या. आता काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. मला वाटलं, मीच माझ्या हातानं लग्न मोडलं.

“पमाला ठेवू दे,” जयवंत माझ्याकडे बघत म्हणाला.

“का म्हनून?” तात्या त्याच्यावर उखडले. “ती वरच्या आळीची. गणपत वडक्याची पोरगी.”

“पोरगी माझी, पण जायाची कुटं?” बाबा म्हणाले. “आज हिनं ठेवला, तर उद्या तुमीच सांगत फिरणार, आमच्या सुनंनं ठेवला म्हनून.”

“सांगणारच. सून आमची हाय, तर न सांगायला काय झालं?”

हे बोलून तात्या थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. बाबाही थांबले. 

“सून हाय?” बाबांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. “मग साडी परत मागितलीस ती?”

“तू कुटं धाडलीस?” तात्या म्हणाले.

मागून माझी आई म्हणाली, “इस्त्रीला हाय.”

कुणीतरी हसलं. पण तात्या अजून दिव्याकडेच बघत होते. सोयरीक जोडली म्हणजे मान सोडला असं नव्हतं, आणि बाबांचंही तसंच. दोघं पुन्हा सुरू झाले. तात्या म्हणत होते, लग्न लागेपर्यंत ती तुमची. बाबा म्हणत होते, साखरपुडा झाला तेव्हाच ती तुमची झाली. दोन बाप मला एकमेकांच्या अंगावर ढकलत होते. आधी मला वाईट वाटलं. मग अचानक हसूच आलं, कारण दोघांचंही खरं होतं.

“तात्या, तुम्ही म्हणता मी खालच्या आळीची नाही,” मी म्हणाले. “बाबा, तुम्ही म्हणता मी वरच्या आळीची राहिले नाही. मग मी कुठल्याच आळीची नाही. चंद्राक्काही नव्हती.”

कुणी ‘हो’ म्हणायची वाट मी पाहिली नाही. गुरवांच्या ताम्हणातला दिवा घेतला, दोन ओळींमधून लुगडं सावरत गेले आणि रिकाम्या जागेवर ठेवला. परत वळले तेव्हा बाबा आणि तात्या शेजारी शेजारी उभे होते. दोघांचेही चेहरे असे होते की, आपण हरलो की जिंकलो हे त्यांना कळत नव्हतं.

“काडी आण,” तात्या शेवटी म्हणाले. “अंदार पडायला लागला.”

सगळे दिवे पेटल्यावर मी जयवंतला गाठलं. “मध्ये जागा राहणार हे तुम्हाला माहीत होतं?”

“खुंट्या ठोकतानाच कळलं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तात्या घरातून निघालेच नसते,” तो म्हणाला. “आणि आठ दिवसांपासून त्यांना तुला सून म्हणायचं होतं. त्यांना जागा सापडत नव्हती.”

मार्गशीर्षात लग्न झालं. मी वरच्या आळीतून खालच्या आळीत आले आणि फार सुखात राहिले. तात्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ते ‘मास्तरीण’ म्हणायचे, आणि गावात कुणी हिशोबात अडलं की त्याला माझ्याकडे पाठवून द्यायचे.

पुढच्या वर्षी दसरा होऊन गेला आणि एका सकाळी बाबा आमच्या दारात आले. तात्या ओसरीवरच होते. दोघांनी चहा घेतला, बाहेर जराशी कुजबुज केली आणि मग दोघंही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“मास्तरीण,” तात्या म्हणाले, “आता तू आमची झालीस. मग औंदा मधला दिवा कुणी ठेवायचा?”

“गावचं म्हननं पडलं की, सोयरीक ठरलेली पोरगी पायजे,” बाबा म्हणाले. “ह्या आळीची, त्या आळीला दिलेली. लगीन लागायच्या आदी. तसली औंदा एक बी न्हाई.”

“काही गणितात बसतंय का बघ,” तात्या म्हणाले.

मी भाकरी थापत होते. मनातल्या मनात सगळं पुन्हा करून बघितलं. त्र्याहत्तर आणि एकशे सदतीस, दोन्ही मूळ संख्या. दुसऱ्या कुठल्याही ओळी पडत नव्हत्या, आणि पडल्या असत्या तरी मध्य चुकला नसता.

“गणितात नाही बसत,” मी म्हणाले. “एखादं लग्नच जमवावं लागेल.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“तुमच्याकडं सुतारांची थोरली हाय की,” तात्या म्हणाले.

“आनि तुमच्याकडं बी सुतारांचा पोरगा हाय,” बाबा म्हणाले.

दोघांनी चपला घातल्या आणि पोरगी बघायला निघाले.